करदोड्याचा खुळखुळा

मोबाईलवर बघून विंड चाइम बनवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं, तेव्हा आई म्हणाली, "लेकरू ना बाळ, आन् खुळखुळे बनवून राहिली." लग्न मोडून माहेरी आलेल्या बाईला आमच्या कारध्यात टोमणा जेवणासोबतच वाढतात. मी जेवले आणि कामाला लागले.

बांबूच्या कांड्या बांधल्या, त्या नुसत्या खडखडल्या. फुटक्या बांगड्या ओवल्या, तर आईनं त्या हिसकून उकिरड्यावर फेकल्या. तिच्या तोंडी बांगडी फुटत नाही, वाढते. आणि वाढलेली बांगडी दारावर टांगणं म्हणजे नवऱ्याच्या मरणाला बोलावणं. बाबांच्या जिवाची एवढी काळजी तिला होती. शेवटी मी टीव्हीचा जुना अँटेना कापला. त्याच्या लहानमोठ्या नळ्या करवंटीला टांगल्या, मधोमध स्टीलचा चमचा सोडला. ते मात्र गोड वाजलं. बाबा खुर्ची ओढून त्याखाली बसले. "मस्त वाजते," म्हणाले. मला फार बरं वाटलं.

बाबांना विसर पडायचा. तुमसरच्या राइस मिलमध्ये त्यांचा जन्म गेला. मिल सुटून वर्षं झाली, तरी "माही पाळी आहे" म्हणत ते बस पकडायला निघायचे. लोकांनी पुलावरून परत आणून सोडलं, तेव्हा दादा भडकला. त्यानं माझ्या विंड चाइमच्या दोन नळ्या आणि चमचा सोडवला आणि बाबांच्या करदोड्याला, पोटावर, बांधला.

"हे काय करून राहिला तू?"

"लहान पोराले नाही का बांधत घुंगरू? निघाले का समजते."

ओढाळ ढोराच्या गळ्यात लोढणं अडकवतात, तेही मी पाहिलं होतं. तसं म्हणाले, तर दादा म्हणाला, "मंग तू बस त्याइच्या मागं दिवसभर." मला शिवणाच्या दुकानात जायचं असायचं. संध्याकाळी येऊन मी गाठ सोडायची, सकाळी आईनं पुन्हा बांधायची.

गल्लीतली पोरं आवाज आला की हंबरायची. बाबा मान खाली घालून घरात यायचे. मला दादाचा राग आला, आईचा त्याहून जास्त, आणि तो अजून गेलेला नाही.

मग एका दुपारी बाबा घरातून निघून गेले आणि कुणाला काही ऐकूच आलं नाही. बसस्टॉपवर सापडले. नळ्या कमरेलाच होत्या, गाठही तशीच. आईनं दोष माझ्या नळ्यांना दिला. समोर कपड्यात दबत असतील, असं म्हणून दादानं त्या फिरवून पाठीमागे बांधल्या.

त्यानंतर बाबा कुठे गेले नाहीत. खुर्चीतून उठायचे नाहीत. दुपारच्या झोपेत कूस बदलतानाही मध्येच थांबायचे, आवाज होईल म्हणून. "पाहा, कसे सुधरले," आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

परवा शेजारीण आली. तिची सासूही अशीच घरातून निघून जाते.

"ताई, माह्या सासूसाठी एक बनवून दे ना. कुठी बांधा लागते?"

कित्येक दिवसांत न बोललेले बाबा खुर्चीतून बोलले.

"पाठीकडून बांधजो, बाई. समोर बांधली तं माणूस मुठीत धरून निंगून जाते."