निंबर्गिया

शेंगा फोडायला मी जो दगड उचलला, तो दगड नव्हता. गोष्ट आणीबाणीच्या आधीची. सोलापुरातल्या कॉलेजात मराठी शिकवायला रुजू होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता, आणि भूगर्भशास्त्राच्या बिराजदार सरांच्या टेबलावर पुडी सोडून मी खुशाल बसलो होतो. तिसरी शेंग फुटायच्या आत माझी कॉलर त्यांच्या मुठीत आणि पाठ भिंतीला. "हुच्च्या," ते म्हणाले. कानडीत वेड्याला असं म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं, पण अर्थ पोचला. "दगड न्हाय त्यो. समुद्रातला शिंपला हाय. मानूस जल्माला यायच्या लई आदीचा." मग माझी कॉलर सारखी करून उरलेल्या शेंगा त्यांनीच खाल्ल्या.

अशी आमची मैत्री जमली. सर अक्कलकोटकडचे. माणूस प्रेमळ, पण प्रेमसुद्धा हातानं करायचे. त्यांची शाबासकी पाठीवर पडली की पोरगं उताणं झोपायचं विसरे. डस्टर तर वर्गात रोज उडायचं. कच्छमधून पोत्यानं आणलेले दगडी शिंपले सुईनं टोकरताना मात्र तोच हात लोण्याचा. त्यांचं म्हणणं, हे शिंपले कुठल्याच माहीत प्रजातीतले नाहीत. "नवी जात म्हंजे घरात एक पोरगं वाढलं," ते मला समजावत. "नवी प्रजाती म्हंजे अक्खं घरानंच नवं. आडनावच येगळं की."

शिंपल्याचं घराणं ओळखतात ते त्याच्या दोन झडपांमधल्या बिजागरीच्या दातांवरून. सरांच्या शिंपल्यांना समोरचा दात नव्हता. विभागप्रमुख निंबर्गी सरांनी सगळ्या स्टाफसमोर सांगितलं की दात होता, झिजून गेला आहे. प्रजाती जुनीच आहे आणि बिराजदार कॉलेजचं हसं करणार. त्यावर बिराजदारांनी ठोसा मारला. निंबर्गींचा समोरचा दात चहाच्या बशीत पडला. सरांनी ती बशी त्यांच्यापुढे सरकवली. "बगा की आता. झिजला, का पाडला?"

प्राचार्यांनी बजावलं: सोमवारपर्यंत सिद्ध करा, नाहीतर राजीनामा.

बाकीच्या झडपा सुट्या आणि घासलेल्या. दोन्ही झडपा मिटलेला शिंपला एकच. तो उघडला तर आतली बिजागरी जशीच्या तशी मिळणार, आणि बिनसलं तर चुरा. सुईला तो दाद देईना. मग तो तापवून गार पाण्यात टाकायचं ठरलं, आणि शेगडी आमच्याकडे म्हणून सर आमच्या घरी आले. आमच्या हिनं भाकरीचा तवा उतरवला. शिंपला निखाऱ्यात गेला. सांडशी माझ्याकडे दिली होती, पण मी ती उलटी धरलेली पाहून सरांनी काढून घेतली. पाण्यात पडताच शिंपला बंदुकीसारखा फुटला. सरांच्या डाव्या डोळ्यातून रक्त गालावर आलं. मी टांगा आणायला सात रस्ता चौकाकडे धावलो. परत येतो तर सर फरशीवर बसून उरल्या डोळ्यानं भिंगातून उघडलेली बिजागरी बघताहेत, आणि रक्त भिंगावर ठिबकतंय.

"दात न्हाय. दात बसायची खाचसुदा न्हाय. जल्मापासनंच न्हाय बग."

डोळा गेला. नोकरी राहिली, नवी प्रजाती मान्य झाली, आणि सरांनी तिचं नाव ठेवलं निंबर्गिया. मी चाट पडलो. कारण प्रजातीला माणसाचं नाव देणं हा मोठा मान. विचारलं तर म्हणाले, "त्यानं खोटं पाडलं नसतं तर मी फोडला असता व्हय? पेटीत घालून मुके घेत बसलो असतो." निंबर्गींनी कॉलेजभर पेढे वाटले.

काही वर्षांनी सर अचानक गेले. शोकसभेत निंबर्गी बोलायला उठले आणि ढसाढसा रडले. भांडण पोटात घालून ज्यानं शत्रूचं नाव अमर केलं, असा माणूस पुन्हा होणे नाही, म्हणाले. मीही रडलो. घरी येऊन ते भाषण मी हिला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. हिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या घराण्याची खूण काय म्हणायची? मी म्हटलं, समोरचा दात नसणं.

"मग," ही म्हणाली, "जगात कुणीही ते नाव घेतलं, की बसलाच की निंबर्गींना सरांचा ठोसा."