कल्याणप्पाचा हात

आमची गिरणी आणि कल्याणप्पाचं दुकान, मध्ये फक्त एक पत्रा. पत्र्याच्या अलीकडे मी दळण दळायचे, पलीकडे तो लाकूड कातायचा आणि माणसं मारायचा. वयानं मोठा, म्हणून तोंडावर मी त्याला आप्पा म्हणायचे, तुम्ही म्हणायचे. इथं मात्र एकेरीतच लिहिणार. इतकी वर्षं त्याचा शेजार केला, तेवढा हक्क मी कमावला आहे.

अणदुरात खरादीवर बसणारा तो एकटाच उरला होता. खराद म्हणजे लाकूड गरागरा फिरवणारं यंत्र. फिरत्या लाकडाला पटाशी लावली की ते गोल होत जातं. बाजेचे खूर, पाळण्याचे खांब, लाटणी, आणि खंडोबाला येणाऱ्यांसाठी भंडारा ठेवायचे झाकणाचे करंडे. करंडा तर असा करायचा की झाकणाची कड बोटाला लागायची नाही. पण गिऱ्हाइकानं एक शब्द उणा काढला की संपलं. लोहारा गावच्या एका माणसानं खूर वाकडा आहे म्हटलं, तर ह्यानं तोच खूर त्याच्या खांद्यात घातला आणि विचारलं, आता बघ बरं वाकडा आहे का. सख्ख्या भावाला, बंडप्पाला, भर दुकानात इतकं बडवलं की तो बायकोपोरं घेऊन उमरग्याला गेला आणि पुन्हा पायरी चढला नाही.

बायकोला, नीलम्मालाही मारायचा. हे लिहायला मला लाज वाटत नाही, वाटायची तर त्याला वाटायला हवी होती. तिकडून आवाज आला की मी हातातलं माप पत्र्यावर बडवायचे आणि त्याच्या सात पिढ्या काढायचे. मग आवाज थांबायचा. दुसऱ्या दिवशी नीलम्मा पदर गालावर ओढून दळण घेऊन यायची, आम्ही दोघी पावसापाण्याचं बोलायचो.

डोकं थंड राहावं म्हणून लोक कपाळाला चंदन लावतात. हा बाबा चंदनाच्या भुग्यात मांडी घालून बसायचा आणि तापायचा. त्यानं चंदन कातायला घेतलं की वास पत्रा ओलांडून माझ्या पिठात उतरायचा. बायका विचारायच्या, आज पिठाला वास कसला गं. मी म्हणायचे, फुकट आहे, खा गप.

ते चंदन चोरीचं नव्हतं, पण सरळही नव्हतं. आपल्या बांधावरचं झाड असलं तरी परवान्याशिवाय चंदनाला हात लावता येत नाही. आमच्या भागात चोर झाडं कापून नेतात, पण घाईत खुंट आणि मुळं मागं राहतात. हरिबा म्हणून एक धनगर होता, माळावर मेंढरं चारायचा, गरीब माणूस, चढ्या आवाजात बोललेला मी कधी ऐकला नाही. त्याला असा वाळका खुंट दिसला की तो घोंगड्यात गुंडाळून कल्याणप्पाला आणून द्यायचा. बदल्यात चंदनाचा भुगा न्यायचा. लोकरीत भुगा ठेवला की कसर लागत नाही म्हणायचा.

ह्या उन्हाळ्यात चोरांनी कहर केला. आण्णासाहेब नावाचे मोठे बागायतदार आहेत, त्यांच्या मळ्यातली झाडं कापताना ते आडवे गेले, तर चोरांनी कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पात्यामागची बोथट बाजू, त्यांच्या डोक्यात घातला. म्हातारा बेशुद्धच होता. गाव पेटलं. त्याच आठवड्यात हरिबा भुगा न्यायला आला आणि मी पत्र्याच्या फटीतून जे बघितलं ते विसरणार नाही. कल्याणप्पानं त्याची मान धरली आणि त्याचा गाल चालू खरादीजवळ नेला. इतका जवळ, की भुगा त्याच्या डोळ्यांत उडत होता.

"माझं नाव तुझ्या तोंडातनं निघालं," कल्याणप्पा म्हणाला, "तर हे तोंड हितं लावीन. लाटण्यासारखं गोल करीन."

"न्हाय निघायचं, मालक," हरिबा म्हणाला.

मी माप बडवलं. त्यानं मान सोडली.

त्यानंतरच्याच बाजारात हरिबा सापडला. खांद्याला मेंढरांसाठी फांद्या छाटायची कुऱ्हाड, घोंगड्याच्या खोळीत भुग्याची पुरचुंडी. कुणीतरी वास घेतला आणि ओरडलं. एवढंच पुरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला गावाला वेळ लागत नाही. मी गिरणी बंद करून स्टँडवरच्या बाजारात पोचले तेव्हा तो मातीत पडला होता. डोक्याचं मुंडासं कुणाच्या तरी पायात अडकून लोळत होतं. लाथा, चपला, उसाची टिपरी, जे हातात येईल ते. आणि मध्ये आण्णासाहेबांचा मुलगा अमरसिंह, हरिबाचीच कुऱ्हाड उलटी धरून. तो एकच विचारत होता, भुगा कुठनं आणला. प्रत्येक वेळी हरिबा म्हणायचा, ठावं न्हाय. आणि प्रत्येक वेळी तुंबा खाली यायचा. एकदा हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला.

मी ओरडून सांगितलं की हा भुगा कल्याणप्पाच्या खरादीचा आहे, माणूस चोर नाही. दोघांनी मला मागं ढकललं. अमरसिंहाचे डोळे लाल झाले होते. बाप मरायला टेकलेला, त्याचंही मला कळत होतं. तो म्हणाला, मग कल्याणप्पानं येऊन सांगावं, तोवर हा हितनं उठत नाही.

मी पळत दुकानात आले. कल्याणप्पा पाळण्याचा खांब कातत होता. सगळं सांगितलं. त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, मी गेलो तर वनखातं मला आत टाकंल, ज्याचं त्यानं निस्तरावं. मी पुढं होऊन बटण बंद केलं. खराद थांबली. तो पटाशी घेऊन उठला. मला वाटलं, आता माझी पाळी. राग इतका आला होता की भीती वाटायला जागाच नव्हती.

"मारा," मी म्हटलं. "पर आदी ऐका. त्यो तिथं तुमच्या भ्यानं गप हाय. अमरसिंहाच्या कुऱ्हाडीपेक्षा त्याला तुमचं भ्या लई वाटतंय."

तो थांबला. "नाव न्हाय घेतलं त्यानं?"

"न्हाय."

पटाशी त्यानं खाली ठेवली आणि तसाच अनवाणी निघाला. मी मागं पळत होते तरी मला गाठता येईना.

गर्दीत त्यानं वाट मागितली नाही, पाडत गेला. दोघं तरी तोंडावर आपटले. तो हरिबाजवळ खाली बसला. हरिबाचा एक डोळा मिटला होता, दुसऱ्या डोळ्यानं त्यानं बघितलं की कोण आलंय, आणि तो मातीतच मागं मागं सरकायला लागला. मोडलेला पाय ओढत. तोंडातून रक्त येत होतं, तरी बोलला.

"मालक, म्या नाव न्हाय घेतलं. इचारा ह्येंला."

कल्याणप्पाच्या तोंडाकडे मी बघत होते. एवढ्या वर्षांत त्याचं तोंड असं झालेलं मी पाहिलं नव्हतं. तो उठून उभा राहिला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाला, "भुगा माझा हाय. लाकूड मी घेतलं, मी कातलं. मारायचं तर मला मारा."

त्यांनी मारलं. पहिला तुंबा त्यानं डाव्या खांद्यावर घेतला, हात न उचलता. दुसराही. मला वाटलं होतं की आता हा संत होणार. तिसऱ्याला त्यानं अमरसिंहाच्या तोंडावर अशी मूठ मारली की दोन दात मातीत पडले. शेवटी कल्याणप्पाच तो. मग त्याच्यावर दहाबारा जण पडले. त्या गोंधळात मी आणि चहावाल्यानं हरिबाला काखेत धरून टपरीमागं ओढलं. हायवेवरून पोलिसांची गाडी येईपर्यंत अर्धी गर्दी दुकानावर गेली होती. खराद उपटून रस्त्यात टाकली, करंडे पायांखाली फोडले. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला देवघरासारखा वास येत होता. मला तो वास सहन होईना, मी पदर नाकाला लावून बसले.

पुढचं सगळं रीतीनं झालं. वनखात्यानं कल्याणप्पावर गुन्हा घातला, मारहाणीचा अमरसिंह आणि आणखी काहींवर झाला. आण्णासाहेब वाचले. हरिबाही वाचला, पण पाय आखूड झाला. मेंढरांमागं तो पुन्हा जाईल असं वाटत नाही.

जामिनावर सुटल्यावर कल्याणप्पानं मला विचारलं, उमाक्का, उमरग्याला दवाखान्यात येता का. एकटं जायची हिंमत नव्हती, हे मी ओळखलं. नीलम्माही निघाली. त्याचा डावा हात गळ्यात बांधलेला. हरिबा खाटेवर पडला होता, ओठ सुकलेले. आम्हाला बघून त्यानं उठायचा प्रयत्न केला. कल्याणप्पाला बोलता येतच नाही, मारता येतं. त्यानं शेजारच्या तांब्यातून ग्लासात पाणी घेतलं आणि उजवा हात हरिबाकडे नेला.

हरिबानं डोळे मिटले. दोन्ही हात तोंडावर धरले आणि भिंतीकडे वळून अंग आवळून घेतलं. सलाईनची नळी ताणली गेली.

ग्लास हवेतच राहिला. कल्याणप्पानं आधी माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे. खरंच कळलं नव्हतं त्याला. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून माझाच मला राग आला.

"पाणीच देतोय की," तो म्हणाला.

नीलम्मानं पदर सारखा केला. तिचा आवाज अगदी साधा होता, दळणाचं सांगावं तसा.

"तुमी हात उचलला की म्या बी असंच करते," ती म्हणाली. "तुमी कदी बगितलं न्हाय."

तिनं त्याच्या हातातून ग्लास घेतला आणि हरिबाच्या खाटेवर बसून त्याला पाणी पाजलं.