पुढची शर्यत

निपाणीजवळ मी जनावरांचा डॉक्टर होतो, तेव्हा अण्णा दवाखान्याच्या बाकावर येऊन बसायचे. स्वतःचं जनावर नव्हतं. एके काळी पुण्या-बंगळुरात घोड्यांच्या मोठमोठ्या शर्यती जिंकलेले हे जॉकी. साठी उलटली तरी वजन वाढेल म्हणून चहा अर्धाच घ्यायचे. जिंकण्याबद्दल विचारलं की म्हणायचे, "घोडं पळालं, मी नुस्ता वर बसलतो."

एका दुपारी दवाखान्यासमोर वरातीचा घोडा फटाक्यांना बुजून गटारीत पडला. पुढच्या पायाचं हाड बाहेर आलं होतं. इंजेक्शन देऊन त्याची सुटका करण्यावाचून उपाय नव्हता. मालक तोंड फिरवून उभा राहिला. अण्णा मात्र रस्त्यावरच बसले, घोड्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि शेवटपर्यंत त्याच्याशी कन्नडमध्ये हळू बोलत राहिले.

सगळं संपल्यावर मी म्हणालो, "अण्णा, उठा आता."

"डॉक्टर, माझ्या घोड्याचा पाय असाच मोडलता, शर्यतीत. त्येला तिथंच सोडून मी पुढच्या शर्यतीला दुसऱ्या घोड्यावर बसलो. जिंकलो बी. लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवलं."

"थांबून तरी काय करणार होता?"

"थांबलो असतो की, नुस्ता."

मी त्यांचा हात धरून उठवायला गेलो. त्यांनी हात सोडवून घेतला आणि घोड्याच्या मानेवर ठेवला.

"जरा ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "अंग अजून गरम हाय."