मशीनचं पाणी नको

मिरजेतल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात एक मावशी बारा वर्षं मदतनीस आहेत. बोलणं कमी. रोज सकाळी पेशंट यायच्या आधी त्या खुर्चीला जोडलेल्या मशीनच्या बारीक नळ्यांमधलं पाणी बराच वेळ सोडून देतात आणि ओंजळीत घेऊन वास बघतात. पाणी वाया घालवता म्हणून मी रागावलोही होतो.

गेल्या महिन्यात त्यांचीच दाढ दुखायला लागली. खुर्चीत बसल्या आणि पिशवीतून स्टीलची बाटली काढली.

"डाक्टर, उकळून गार केलंय. माज्या तोंडात हेच पिचकारीनं मारा. मशीनचं नको."

"का हो मावशी?"

मशीन दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिकने बदलून टाकलेल्या एका नळीचा तुकडा त्यांनी जपून ठेवला होता. तो ब्लेडने उभा चिरून त्यांनी माझ्यापुढे धरला. आत बुळबुळीत, शेवाळासारखा थर! अशाच नळ्यांतून आलेलं पाणी मी रोज लोकांच्या रक्ताळलेल्या हिरड्यांवर मारत होतो.

"आवं, दोनदा सांगितलं, वास येतोय म्हणून. तुमी म्हनाला, नदीचं पानी असंच असतंय."

खरंच म्हणालो होतो. नळ्यांत भरायचं जंतुनाशक कपाटात सीलबंद पडून होतं.

त्यांची दाढ मी त्यांच्याच पाण्याने धुतली. मग बाहेर बसलेल्या पेशंटना हात जोडून परत पाठवलं आणि नळ्यांत औषध भरलं.

तिसऱ्या दिवशी नळ्या स्वच्छ धुऊन झाल्यावर त्यांनी मशीनच्या पाण्याने कप भरला.

"आदी तुमी चूळ भरा," म्हणाल्या.

मी भरली. मगच त्यांनी पहिल्या पेशंटला हाक मारली.