एका झाडावरून ठरवायचं नाही

माझ्या पहिल्या नोकरीत मला लाकूड घासायचा पगार मिळायचा. पुण्यातल्या एका संस्थेत जुन्या हवामानाचा अभ्यास चालायचा, तिथे मी प्रोजेक्टवर होते. रशियाच्या पार उत्तरेकडच्या जंगलांतून आमच्याकडे लाकडाच्या पेन्सिलीएवढ्या कांड्या यायच्या. झाड न तोडता खोडात पोकळ गिरमिट घालून त्या काढतात. आम्ही त्या पट्टीवर चिकटवायच्या, पॉलिश पेपरने गुळगुळीत करायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली वलयं मोजायची. एक वलय म्हणजे एक वर्ष. तिकडचा उन्हाळा बरा गेला तर वलय रुंद, उन्हाळ्यातही गारठा हटला नाही तर केसासारखं बारीक. तिथे थर्मामीटर पोहोचायच्या शेकडो वर्षं आधीची थंडी आम्ही अशी लाकडातून काढायचो.

शनिवारी मी मुंबईकडे, विठ्ठलवाडीला घरी यायचे. डेपोमागच्या चाळीत आमची खोली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात आई आणि मोठा भाऊ. मला शिकवलं ते दादाने. स्वतः दहावीनंतर शेजारच्या कॅम्प तीन वस्तीतल्या एका जीन्सच्या कारखान्यात चिकटला आणि माझी एम.एस्सी. झाली तरी तिथेच होता.

माझं काम ऐकून तो पोट धरून हसला होता. "म्हणजे तू पण घासतेस आणि मी पण घासतो. खानदानच घासणाऱ्यांचं. फक्त तुला एवढं शिकवून घासायला बसवलं, हे जरा महागात पडलं."

त्याचं घासणं वेगळं होतं. नव्याकोऱ्या पँटी मांडीवर, गुडघ्यावर विटलेल्या दिसायला हव्यात, ही तेव्हाची फॅशन. त्यासाठी कॉम्प्रेसरच्या पाइपातून बारीक वाळू जोरात मारायची. त्याला सगळे ब्लास्टिंग म्हणायचे. वाळू रस्त्यावर उडू नये म्हणून शटर खाली ओढलेलं असायचं, आणि आत दादा आणि आणखी तिघं, तोंडाला रुमाल बांधून. मी लाकडाच्या चिमूटभर भुशासाठी नाकाला मास्क लावायचे. एकदा तसाच मास्क त्याला आणून दिला, तर म्हणाला, "हे लावून श्वास कुठून घेऊ, मॅडम?"

मग त्याला खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. अंगावरचं मांस उतरलं. नाक्यावरच्या डॉक्टरने एक्स-रे बघून टीबी सांगितला. सहा महिने गोळ्या घ्या, ठणठणीत व्हाल. आईने त्याचं ताट-भांडं वेगळं केलं आणि चाळीत सांगितलं की पोराला कावीळ झालीय. तरी चाळीला कळलंच. सिगरेटी ओढल्या असतील, दारू असेल, बाहेरचं खाणं, एकेकाचे शोध चालू. डॉक्टरही दर वेळी तेच विचारायचा, "कितना पीते हो?" दादा महिन्यातून दोन-चार सिगरेटी ओढायचा, नाही म्हणत नाही मी. पण सगळे त्याच्याकडे गुन्हेगारासारखं बघायचे ना, तेव्हा माझं टाळकं सरकायचं.

सहा महिने संपले. खोकला तसाच. डॉक्टरने गोळ्या वाढवून दिल्या, आणि दादा मधेमधे कामावर जातच राहिला.

त्याच सुमारास संस्थेत मला एका कांडीत फार बारीक वलय सापडलं. मी हरखून आमच्या सरांना बोलावलं, थंडीचं वर्ष सापडलं म्हणून. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "एका झाडावरून ठरवायचं नाही. त्याला कीड लागली असेल, शेजारच्या झाडाने ऊन अडवलं असेल. त्या झाडाचं ते दुखणं. त्याच उतारावरची बाकीची झाडं काढ. सगळ्यांचं वलय त्याच वर्षी बारीक असेल, तर दोष झाडाचा नाही, हवेचा."

मी बाकीची काढली. सगळ्यांचं बारीक होतं. सर खूश होऊन गेले. मी तिथेच बसून राहिले, कारण डोक्यात झाडं नव्हतीच, ते खाली ओढलेलं शटर होतं.

पुढच्या शनिवारी दादाला विचारलं, पाइपावरची बाकीची पोरं कुठे आहेत? "एक गावाला गेला, एक घरी बसलाय, एक आहे अजून. तुला काय करायचंय? भंकस नको करू." मी ऐकते थोडीच. शेअर रिक्षाने फिरले, पत्ते काढले. जो यूपीला गावी गेला होता तो तिथेच वारला होता, त्याच्या खोलीतल्या माणसाने सांगितलं. कशाने? टीबी. दुसरा अंबरनाथला बायकोच्या माहेरी अंथरुणावर. बायको म्हणाली टीबी. तिसरा कामावरच होता, पण माझ्यासमोर एक जिना चढताना दोनदा थांबला. आणि त्याच कारखान्यात वरच्या माळ्यावर शिलाई करणारी माणसं? त्याच वस्तीतली, तोच चहा, तीच तंबाखू. एकालाही काही नव्हतं.

मी हे सगळं नाक्यावरच्या डॉक्टरला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, तुम तो झाडों की डॉक्टर हो ना?" आजार रेड्याला आणि औषध पखालीला, हे वर्षभर चाललं होतं आणि वर हा मलाच हसत होता. मी इतकी चिडले की पुढच्याच आठवड्यात रजा टाकून दादाला मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. माझा साधा हिशोब होता, रोग नीट ओळखला की औषध नीट मिळणार. माझा भाऊ मला परत हवा होता, बाकी काही नको होतं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला आणि पहिला प्रश्न विचारला, "काम काय करता?" वर्षभरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. दादाने वाळूचं सांगितलं. त्यांनी आणखी तपासण्या केल्या, आठवड्याने परत बोलावलं, आणि म्हणाल्या, टीबी नाही. वाळूची धूळ फुप्फुसात जाऊन बसलीय.

मला आनंद झाला. माझं बरोबर निघालं होतं. मी विचारलं, मग आता औषध कोणतं?

"धूळ बाहेर काढायचं औषध नाही," बाई म्हणाल्या. "काम आजच सोडा. जेवढं टिकवता येईल तेवढं टिकवू."

बाहेर आल्यावर दादा बाकावर बसला. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्याने घेतली नाही. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "टीबी होता तेव्हा मी बरा होणार होतो ना गं."

त्या क्षणी मला माझी हुशारी, ती जंगलं, ते सर, सगळ्यांचा तिटकारा आला. सापडलं ते खरं होतं, आणि त्या खऱ्याने त्याच्या हातातली होती ती आशाही काढून घेतली होती.

घरी पोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. "काय म्हणाले मोठे डॉक्टर?"

मी तोंड उघडलं, पण दादाने मला बोलू दिलं नाही.

"टीबीच आहे, आई. जरा हट्टी आहे म्हणाल्या. गोळ्या चालू ठेवायच्या."

आईचा चेहरा सैल झाला. तिने फळीवरून पाकीट काढलं, एक गोळी फोडून त्याच्या तळहातावर ठेवली आणि मला म्हणाली, "बघतेस काय, पाणी दे त्याला."

मी माठातून पेला भरला आणि दादाच्या हातात दिला.