बैलांच्या पाठीवर तिरंगा

यंदाचा पोळा सुखरूप पार पडला. हे लिहिताना अजूनही हायसं वाटतं.

फौजेतून निवृत्त होऊन अमळनेर तालुक्यातल्या माझ्या गावी आल्यापासून मी एक काम अंगावर घेतलं आहे. पंधरा ऑगस्टला घराघरांवर झेंडे लागतात. ते विटण्या-फाटण्याआधी उतरवायचे, नीट घडी करून ठेवायचे, हे मी लोकांच्या मागे लागून शिकवतो. झेंड्याच्या बाबतीत माझं डोकं लवकर तापतं. मी गल्लीत दिसलो की बायका लांबूनच सांगतात, उतरवला, उतरवला.

पोळ्याच्या दुपारी शेजारच्या आबांच्या अंगणात गेलो आणि जागीच थबकलो. बैलांची शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळा, आणि दोघांच्याही पाठीवर झुलीच्या जागी तिरंगे, नाड्या लावून बांधलेले. आबांचा एकुलता मुलगा सीमेवर आहे. त्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून त्याच्या नावाने बैलांना हा मान. अपमान आबांच्या मनातही नव्हता. पण मिरवणूक निघाली की सगळ्यांचे मोबाईल वर होणार आणि कोणीतरी तो व्हिडिओ घेऊन पोलीस ठाण्यात जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. झेंडा जनावरावर घालत नाहीत, असं मी परोपरीने सांगितलं. आबा ऐकेनात.

"मन्हा पोऱ्या ह्याच बैलेसना जीववर मोठा व्हयना," ते म्हणाले.

माझा तोल गेला. "आबा, सैनिकना आंगवर झेंडा कव्हय येस, तुमले माहीत शे ना?"

शहीद जवानाच्या शवपेटीवरचा झेंडाच आबांच्या डोळ्यांसमोर आला असावा; त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी स्वतःच नाड्या सोडल्या. बैल उघड्या पाठीने पुतण्याबरोबर मिरवणुकीला गेले. आबा मोबाईल हातात धरून ओट्यावर बसले. मुलाचा बरेच दिवस फोन नाही, हे मला तेव्हा कुठे त्यांच्या बायकोने, अक्कांनी सांगितलं. ऐन सणाला मी नको ते बोलून बसलो होतो. नियम बरोबर होता, पण आता माझाही जीव टांगणीला लागला. घरी खापरावरची पुरणपोळी तयार होती, तरी मला तिथून उठवेना.

दिवेलागणीला आबांचा फोन वाजला, मुलाचाच. सीमेवरच्या पोस्टवर रेंज नव्हती, एवढंच. मी सरळ डोळे पुसले. आबांनी मुलाला सगळं सांगितलं, माझं बोलणंही. मग ते आत जाऊन दोन्ही झेंडे घेऊन आले आणि म्हणाले, "माले घडी कराले शिकाड."

ओट्यावर बसून आम्ही दोघांनी चक्र वर दिसेल अशा घड्या घातल्या. आबा सावकाश, कापडावरून हात फिरवत शिकले. झेंडे अक्कांकडे देऊन ते माझ्याकडे वळले.

"जाय घर, जेवी ले. तुन्हं तोंड दुपारपासून उतरेल शे."