अर्ध्यावर सोडलेली कहाणी

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी ठेचा खायचा सोडला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. येवल्याजवळच्या आमच्या गावात त्यांच्या ठेच्याला नवे जावई घाबरून असतात, आणि आता हीच बाई दुधात भाकरी कुस्करून खात होती. विचारलं तर गाल धरून म्हणाल्या, "पित्त झालंय." पित्त काय गालात होतं? मी नाशिकच्या दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य घालवलंय. त्यांना दारातल्या उजेडात ओढलं आणि आ करायला लावलं. उजव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता. लग्नाच्याही आधीपासून त्या रोज सकाळी मिश्री लावतात. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड आमच्याकडच्या बायकांना चहाच्या आधी लागते.

"बाई, तपासून घ्या. माझ्याबरोबर चला."

"तपासलं का निघतंच कायतरी," त्या म्हणाल्या आणि तोंड मिटलं.

मला भीती वाटली. आणि भीती वाटली की मी चिडते, हा माझा स्वभाव आहे. मी भांडले, अबोला धरला, दिरांना मध्ये घातलं. दीर म्हणाले, "तिनं माझं कधी ऐकलंय?" माझ्या ड्यूट्यांच्या दिवसांत माझी दोन्ही मुलं या बाईच्या कडेवर वाढली. तिला असं सोडून मी नाशिकला इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये टीव्ही बघत बसणं शक्य नव्हतं.

श्रावण लागला. त्या महिन्यात दर शनिवारी गावच्या उपकेंद्रात तोंड तपासायला डॉक्टर येणार होते. आणि दर शुक्रवारी जिवतीच्या पूजेला आळीतल्या बायका आमच्याच घरी जमतात. मी मुक्काम ठोकला.

पहिल्या शुक्रवारी मी मोबाइलवर रोग झालेल्या तोंडांचे फोटो दाखवले. बायकांनी पदर डोळ्यांवर घेतले. "सणासुदीचं काय अभद्र दाखवती गं!" जाऊबाई खेकसल्या. दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात डॉक्टर, मी आणि पंखा.

दुसऱ्या शुक्रवारी मी हुशारी केली. पूजा झाल्यावर कहाणी सांगायला मीच बसले. सगळ्यांच्या हातात रीतीप्रमाणे तांदळाचे चार दाणे दिले आणि सुरू केलं. आटपाट नगरात एक राणी होती, राणीला मिश्रीचं व्यसन होतं, गालात चट्टा उठला, राणी वेळेवर वैद्याकडे गेली, बरी झाली, सुखानं नांदली. बायका रंगून गेल्या. राणी लपून मिश्री लावते तिथं तर एकमेकींना कोपरं मारत हसल्या. कहाणी संपली, तांदूळ जिवतीला वाहिले, दूध-साखर आणि फुटाणे घेऊन सगळ्या घरी. शनिवारी पुन्हा कोणी नाही. मी एकीला रस्त्यात गाठून विचारलं, तर ती निरागसपणे म्हणाली, "ऐकली की कहाणी. ऐकल्याचं फळ मिळतंच ना?"

मी कपाळावर हात मारून घेतला. जन्मभर आम्ही बायका कहाण्या ऐकतो त्या त्याचसाठी. कहाणीतली बाई करते, आपण ऐकतो, पुण्य दोघींना. मी ती पुरी सांगितली तिथंच घोळ झाला होता.

तिसऱ्या शुक्रवारी तीच राणी पुन्हा आणली, पण या खेपेला ती वैद्याच्या दारात पोचली आणि मी उठले.

"पुढं?" जाऊबाई म्हणाल्या.

"पुढचं उद्या, उपकेंद्रात. आधी तोंड दाखवायचं, मग ऐकायचं."

गलका झाला. कहाणी अर्ध्यावर टाकत नाहीत, आणि ती पुरी झाल्याशिवाय हातातले तांदूळ खाली ठेवता येत नाहीत. "लेकराबाळांच्या पूजेत असली थट्टा करती व्हय?" जाऊबाई कडाडल्या. शिव्या खायची माझी तयारी होती.

शनिवारी त्या सगळ्या आल्या. पदराच्या गाठीत तांदूळ बांधून, चेहरे फुगवून. सगळ्यांच्या पुढे जाऊबाई. माझ्याकडे न बघता त्या खुर्चीत बसल्या आणि डॉक्टरांवर डाफरल्या, "बघा एकदाचं. हिची कहाणी पुरी व्हायची हाय."

डॉक्टरांनी टॉर्च मारला, काडीनं गाल बाजूला केला, पुन्हा पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "आजी, नाशिकला जाऊन गालाचा छोटासा तुकडा काढून तपासून घेऊ."

बाहेर बाकावर मी कहाणी पुरी केली. शब्द दिला होता. राणीला ठणठणीत बरं केलं. जाऊबाईंनी सगळ्यांबरोबर जिवतीचं नाव घेऊन तांदूळ वाहिले आणि माझा हात धरला. "खरंच बरी झाली का गं?" त्यांनी कानाशी विचारलं.

"मला माहीत नाही, बाई," मी म्हणाले. खोटं बोलवेना.

कॅन्सरच निघाला, पण सुरुवातीचा. गालाच्या आतला भाग काढला. त्या दिवसांत त्या माझ्याकडेच होत्या. पेजेची वाटी ढकलून द्यायच्या, आरसा मागायच्या, आरसा दिला की रडायच्या. ओठाचा एक कोपरा खाली ओढला गेला तो तसाच राहिला. मिश्री सुटली. ती सुटताना त्यांनी घरातल्या प्रत्येकाचा उद्धार केला, सर्वांत जास्त माझा.

यंदाच्या श्रावणात पहिल्या शुक्रवारी मी पुन्हा राणीला घेऊन बसले. गावात नवीन सुना आल्या होत्या, काही बायका मागच्या वर्षी आल्याच नव्हत्या. मी आटपाट नगरापर्यंत पोचले असेन, तेवढ्यात जाऊबाई म्हणाल्या, "तू थांब जरा."

त्यांचे शब्द आता थोडे घसरतात. बायका पुढे सरकल्या.

"राणीबिणी कोणी नव्हती. मीच व्हते ती." त्यांनी तोंडावरचा पदर काढला, आ केला आणि बोटानं गाल ताणून टाक्यांची खूण दाखवली. यातल्याच कितीतरी जणींनी फोटो पाहून डोळे झाकले होते. आज एकीनंही झाकले नाहीत.

"दुखलं का हो?" कोणीतरी विचारलं. मला हे दोन श्रावणांत कोणी विचारलं नव्हतं आणि मीही कधी सांगितलं नव्हतं.

"लय दुखलं," जाऊबाई म्हणाल्या. "मरावं वाटलं. पण बसलेय ना तुमच्यात?"

मग भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी गुडघ्यांवर हात देत उठली, माझ्या शेजारून पुढे गेली, जाऊबाईंसमोर बसली आणि तिनं आ केला.